एकदा मैदानही पाहून या

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कारंज्याच्या माणसाला यात्रा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. वर्षभर इथं लांबून माणसं येतात, आणि त्यांतले कितीतरी पुढं औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर असा क्रम लावून निघतात. देव एकच, मग चार ठिकाणी कशाला जायचं, असं त्यांना कुणी विचारत नाही. प्रत्येक स्थानाचं पाणी वेगळं, झाड वेगळं, दर्शनाची रीत वेगळी. ते वेगळेपण प्रत्यक्ष गेल्यावाचून कळत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं.

आज बोलायचं आहे ते अशाच एका यात्रेविषयी, पण ही यात्रा मैदानांची आहे. क्रिकेटचा सामना आपल्या घरातल्या पडद्यावर दिसतो, हातातल्या मोबाइलवरही दिसतो. मग दोनशे किलोमीटर जाऊन, उन्हात बसून, मैदानावर सामना का पाहायचा? आणि पाहायचाच तर कसा पाहायचा? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला थोडं लांबून सुरुवात करू.

खेळ एक, आखणी वेगळी

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा घरोघरी पोचलेला आहे. तिथल्या सर्वांत वरच्या पातळीवर ३० संघ खेळतात. त्यांतले २९ अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यांतले ८१ आपल्या घरच्या मैदानावर खेळतो. म्हणजे उन्हाळ्यात तिथं जवळजवळ रोज कुठं ना कुठं सामना असतोच. त्यामुळं एक मोठी गमतीची प्रथा पडली आहे. सुट्टी लागली की बाप-लेक, मित्र-मित्र, कधी सारं कुटुंब मोटारीत बसून निघतं आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जात तिथली मैदानं पाहतं. कुणी एका सुट्टीत पाच पाहतो, तर कुणी आयुष्यभरात तीसही पूर्ण करायचा नेम धरतो. तिकडं स्थायिक झालेली आपली मराठी मुलं आईवडिलांना नायगारा दाखवतात, तशी कधी अशा मैदानावरही घेऊन जातात.

हे वेड कशापायी, याचं उत्तर खेळाच्या आखणीतच आहे. आपल्याकडं शाळेत सॉफ्टबॉल खेळतात, त्याचाच हा थोरला भाऊ. चार कोपऱ्यांवर चार टप्पे असतात. एका टप्प्यापासून दुसरा ९० फुटांवर. चेंडू टाकणारा फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा राहतो. ही मापं सगळीकडं सारखी. पण त्यापलीकडं मैदान कुठं संपावं, कुंपण किती उंच असावं, याची मोकळीक आहे. साहजिकच प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा झाला.

बॉस्टन शहरातलं फेनवे पार्क १९१२ साली सुरू झालं. डाव्या अंगाला जागा कमी पडली, कुंपण फलंदाजापासून अवघ्या ३१० फुटांवर आलं. तिथं आज ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत उभी आहे. तिला लोक हिरवा राक्षसच म्हणतात. इतर ठिकाणी जो फटका सरळ बाहेर गेला असता तो इथं भिंतीवर आपटून परत येतो, आणि इतर ठिकाणी सहज झेलला गेला असता तो कधी भिंतीपलीकडं जाऊन पडतो. शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ सालचं. तिथल्या विटांच्या कुंपणावर वेल चढलेली आहे. चेंडू त्या वेलीत अडकून बसला तर फलंदाजाला दोन टप्पे बहाल करतात. एका झाडासाठी खेळाचा नियम वाकलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडं वळू. क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठंही २२ यार्डांची, म्हणजे साधारण वीस मीटरची. पण सीमारेषेचं काय? आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमाप्रमाणं ती खेळपट्टीपासून ६५ यार्डांहून जवळ आणि ९० यार्डांहून लांब नसावी. म्हणजे एकोणसाठ मीटर ते ब्याऐंशी मीटर. यात चांगलं तेवीस मीटरचं अंतर आहे. एका मैदानावर जो षटकार ठरतो तोच फटका दुसऱ्या मैदानावर सीमारेषेच्या आत झेल होतो. टीव्हीवर सगळी मैदानं सारख्याच आकाराची दिसतात, कारण पडदा सारखाच असतो. फरक दिसतो तो तिथं जाऊन बसल्यावर.

काळी माती, लाल माती

दुसरा फरक पायाखालचा. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. काळी माती पावसाळ्यात कशी फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला कशा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ही माती बारीक कणांची, चिकणी, पाणी धरून ठेवणारी. तीच माती दाबून, रोलर फिरवून नागपूरची खेळपट्टी बनते. मुंबईच्या वानखेडेवर प्रामुख्यानं लाल माती. लाल माती लवकर सुकते, कडक होते आणि चेंडू उसळी घेऊन येतो. काळ्या मातीवर तो तुलनेनं हळू येतो, खाली राहतो, आणि माती सुकत गेली की फिरकीपटूंना हात देतो. अर्थात पाणी किती दिलं, गवत किती ठेवलं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं.

नागपूरनं दोन्ही टोकं दाखवली आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत खेळपट्टीवर चांगलं हिरवं गवत होतं. तो सामना ऑस्ट्रेलियानं जिंकला आणि भारतात पस्तीस वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली. अश्विननं बारा बळी घेतले, भारत जिंकला, पण आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. ज्या मातीत आपला कापूस होतो तिच्यावरून जगभर वाद झाला. एवढी आपुलकीची गोष्ट आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे, तर ती पाहायलाच हवी.

शहरातलं मैदान

नागपुरात मैदानं दोन, आणि ती दोन्ही पाहावीत असं मी सुचवीन. पहिलं सिव्हिल लाइन्सचं, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान. ते शहराच्या आत आहे. इथं पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये झाली. न्यूझीलंडनं ती १६७ धावांनी जिंकली.

त्याच न्यूझीलंडविरुद्ध ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकातला सामना झाला, तो विदर्भातली जुनी मंडळी अजून विसरलेली नाहीत. चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचेही त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. मग सुनील गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्यांचं ते एकुलतं एक शतक. उपान्त्य सामना मुंबईत मिळवायचा तर धावा वेगानं काढणं भाग होतं, आणि ३३ षटकांच्या आतच सामना संपला. ज्यांनी तो रेडिओवर ऐकला त्यांनी तो मनातल्या मैदानावर पाहिला. खरं मैदान जाऊन पाहिलं की लक्षात येतं, किती आटोपशीर जागा आहे ती!

याच मैदानाची एक दुःखद आठवणही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना चालू असताना उपाहाराच्या वेळी प्रेक्षागृहाची भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली माणसं मृत्युमुखी पडली. धावफलकात त्यांची नोंद नसते. सामन्याचा निकाल पुस्तकात सापडतो, शतक कुणी केलं तेही सापडतं. पण जी माणसं सकाळी डबा घेऊन घरातून निघाली आणि परत आली नाहीत, त्यांच्यासाठी त्या कोष्टकात रकानाच नाही. मैदान म्हणजे केवळ खेळाडूंची जागा नसून हजारो माणसं एकत्र बसायची इमारत आहे, हे त्या दिवसानं फार कठोरपणे शिकवलं.

मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ही या मैदानावरची शेवटची कसोटी ठरली. अ‍ॅलिस्टर कुकनं पदार्पणातच शतक केलं. माँटी पनेसरनं पहिला बळी घेतला तो थेट सचिन तेंडुलकरचा. त्यानंतर मोठं क्रिकेट शहराबाहेर गेलं.

गावाबाहेर गेलेलं मैदान

वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम उभं राहिलं. पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं मोठं, ऐसपैस, वाहनं लावायला भरपूर जागा. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची, लक्ष्मणची शंभरावी. नवख्या जेसन क्रेझानं पहिल्याच डावात आठ बळी घेतले. भारतानं १७२ धावांनी सामना आणि त्याबरोबर मालिका जिंकली. सामना असा रंगलेला, आणि तरी तेव्हा सर्वांत जास्त चर्चा झाली ती रिकाम्या खुर्च्यांची.

का रिकाम्या राहिल्या? शहरातला मुलगा शाळा सुटल्यावर सायकलनं सिव्हिल लाइन्सला जाऊ शकत होता. नोकरदार माणूस दुपारनंतर तासभर डोकावू शकत होता. जामठ्याला जायचं म्हणजे वाहन हवं, दिवस मोकळा हवा आणि परतीची हमी हवी. एकदिवसीय आणि वीस षटकांच्या सामन्यांना आजही हे स्टेडियम भरतं. पण कसोटीचा प्रेक्षक हा रमतगमत येणारा प्रेक्षक असतो. अंतर वाढलं की तो गळतो.

अमेरिकेनंही हा अनुभव घेतलेला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथं मोठमोठी, गोल, एकाच साच्यातून काढल्यासारखी स्टेडियम बांधली गेली. अनेक ठिकाणी भोवती दिसेल तिथवर मोटारींचे तळ. एकातून दुसऱ्यात गेलो तर फरक कळू नये. मग १९९२ साली बाल्टिमोर शहरानं भर वस्तीत, रेल्वेच्या जुन्या गोदामाला लागून कॅमडेन यार्ड्स नावाचं मैदान बांधलं. ती जुनी विटांची इमारत पाडली नाही, उलट तिलाच मैदानाची एक बाजू केलं. लोक चालत, आगगाडीनं येऊ लागले, आणि पुढच्या काळात बऱ्याच शहरांनी तोच कित्ता गिरवला. सगळ्यांनी गिरवला असं नाही. अटलांटाचा संघ २०१७ मध्ये शहर सोडून उपनगरात गेला. पण मैदान कुठं असावं हा प्रश्न प्रेक्षकाच्या पायांशी जोडलेला आहे, एवढं तिथं मान्य झालं.

आपल्याकडं आता नागपूर मेट्रो वर्धा रोडनं खापरीपर्यंत जाते. जामठा त्याच्याही पुढं आहे. तिथवर सार्वजनिक वाहन नेमानं पोचलं, तर कारंजा, मूर्तिजापूर, पुलगाव अशा गावांहून रेल्वेनं किंवा एसटीनं येणाऱ्या माणसालाही तिकीट काढताना परतीची धास्ती राहणार नाही. प्रेक्षकांनी ही मागणी करत राहायला हवी.

खुर्चीवरून काय दिसतं

समजा, आपण पोचलो. आता पाहायचं काय? टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो. मैदानावर आपला डोळा मोकळा असतो, म्हणून पहिल्या काही षटकांत चेंडूकडं कमी आणि क्षेत्ररक्षकांकडं जास्त बघावं. गोलंदाज धावू लागला की सगळे क्षेत्ररक्षक दोन-तीन पावलं आत येतात, जणू एक जाळं आवळलं जातं, आणि चेंडू खेळून झाला की पुन्हा सैल पडतं. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं. टीव्हीवर ते सहसा दिसतच नाही. कर्णधार नुसत्या बोटाच्या खुणेनं माणूस दहा पावलं सरकवतो आणि पुढच्याच षटकात झेल तिथं जातो, हेही इथंच कळतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपण खेळपट्टीपासून ऐंशी-नव्वद मीटरवर बसलेलो असतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे बॅट चेंडूवर बसलेली आधी दिसते आणि पाव सेकंदानं आवाज येतो. शेताच्या दुसऱ्या टोकाला कुणी लाकूड फोडत असलं म्हणजे जसं होतं, तसंच. टीव्हीवर खेळपट्टीजवळच्या ध्वनिग्राहकामुळं दोन्ही एकदमच येतात. त्यामुळं हे अंतर आपण विसरूनच गेलेलो असतो.

जागा कुठली घ्यावी? चेंडू किती वळतो, स्विंग किती होतो हे पाहायचं असेल तर गोलंदाजाच्या मागं किंवा यष्टिरक्षकाच्या मागं, म्हणजे साइटस्क्रीनच्या अंगाला बसावं. वेग आणि उसळी पाहायची तर बाजूनं, खेळपट्टीला काटकोनात. तिकीट काढताना दिवसा ऊन कुठल्या अंगाला येतं तेही विचारावं. दुपारनंतर पश्चिमेला पाठ करून बसलेला माणूस सुखी, समोरचा बिचारा कपाळाला हात लावून सामना पाहतो.

आणि एक लहानसा फरक सांगतो. बेसबॉलमध्ये फटका प्रेक्षकांत आला तर झेलणाऱ्यानं तो चेंडू घरी न्यायचा असतो. त्या आशेनं लहान मुलं हातमोजे घालून येतात. आपल्याकडं चेंडू परत द्यावा लागतो, कारण जुन्या होत जाणाऱ्या चेंडूवरच आपला खेळ चालतो. तरी दोन क्षण तो हातात आला तर शिवण बोटानं चाचपून बघायला कुणाची ना नाही!

रस्त्याविषयी थोडं

पूर्वी कारंज्याहून नागपूरला जायचं म्हणजे अमरावतीवरून. तो रस्ता आजही सोडू नये असं एक कारण आहे. अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. मैदानांच्या यात्रेत ते स्थान असायलाच हवं.

घाई असेल तर समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. कारंज्याजवळ त्यावर चढा-उतरायची सोय आहे. नागपूरकडचं त्याचं टोक शिवमडक्याला आहे, आणि तिथून जामठा फार लांब नाही. जणू कारंज्याचा रस्ता थेट स्टेडियमकडंच नेला आहे. दुचाकी आणि रिक्षांना मात्र या रस्त्यावर मनाई आहे.

पण या रस्त्याबद्दल एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगानं गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. दिवस-रात्रीचा सामना संपायला रात्रीचे दहा-साडेदहा होतात. मैदानाबाहेर पडून गाडी काढेपर्यंत अकरा. दिवसभर ओरडून थकलेला माणूस चाकावर बसतो, रस्ता सरळ, समोर वस्ती नाही, वळण नाही, आणि डोळा लागतो. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर, खेळपट्टीपासून सीमारेषेच्याही पलीकडं. १ जुलै २०२३ रोजी पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. म्हणून रात्रीचा सामना असेल तर मुक्काम नागपुरात करा, सकाळी निघा. निघण्याआधी टायर आणि त्यांतली हवा तपासा. तापलेल्या काँक्रीटवर जुनं टायर दगा देतं. हा एका रात्रीच्या खोलीभाड्याचा प्रश्न आहे, त्यात काटकसर करू नये.

ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांनी मूर्तिजापूर गाठावं. तिथून मुंबई-नागपूर मार्गावरची रेल्वे मिळते. आपली शकुंतला धावत असती तर कारंज्याच्या स्टेशनावरूनच यात्रा सुरू झाली असती. आता ती धावत नाही. एसटी आहे.

सामन्याचं तिकीट ऑनलाइन घेतलं तरी छापील तिकीट खिडकीवरून घ्यायचं आहे का, ते आधी पाहावं. पिशव्या, बाटल्या, सुटी नाणी बहुधा दारावरच ठेवून घेतात. तेव्हा अंगावर जितकं कमी तितकं बरं. डोक्याला टोपी मात्र हवीच.

पश्चिमेची मैदानं

नागपूर झालं की त्याच रस्त्यानं उलट दिशेला जायचं. मुंबईत चर्चगेट स्टेशनला उतरलं की पायी फिरून तीन मैदानं होतात. बॉम्बे जिमखाना, जिथं डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. ब्रेबॉर्न, जे १९३७ मध्ये सुरू झालं. आणि तिथून दहा मिनिटांच्या चालीवर वानखेडे. इतक्या जवळ दोन स्टेडियम कशाला? ब्रेबॉर्नचा मालक क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं, आणि संघटनेनं आपलं वेगळं मैदान बांधलं. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून झालेल्या भांडणातून ते उभं राहिलं असं म्हणता येईल. त्याला ज्यांचं नाव आहे ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे मूळचे आपल्या नागपूरकडचे, विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. २ एप्रिल २०११ रोजी धोनीनं षटकार मारून विश्वचषक जिंकला तोही तिथंच. तो चेंडू जिथं पडला त्या जागेला आता स्मारकाचं रूप दिलं आहे.

खाडीपलीकडं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी तिथं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. घरात क्रिकेट खेळणारी मुलगी असेल तर तिला हे मैदान आधी दाखवा, बाकीची मागून.

पुण्याजवळ गहुंजे आहे. द्रुतगती मार्गाच्या कडेला, जामठ्यासारखंच शहराबाहेर. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायचं पाणी कमी पडलं. लोकांनी आवाज उठवला, संघटनेनं माफी मागितली. पाण्याची बाटली आत नेऊ द्यायची नाही आणि आत पाणी नाही, हा प्रकार प्रेक्षकानं मुकाट्यानं का सोसावा? पाणी, सावली, स्वच्छ स्वच्छतागृहं, विशेषतः महिलांसाठी, आणि बाहेर पडायला मोकळे जिने, या गोष्टी मेहेरबानीच्या नाहीत. १९९५ चं नागपूर आठवलं की त्या किती महत्त्वाच्या आहेत ते कळतं.

आपला सामना

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढा खर्च, एवढी दगदग आम्हाला कशी झेपणार? त्यांच्यासाठी शेवटची सूचना, आणि माझ्या मते तीच सर्वांत चांगली आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याची वाट पाहू नका. रणजी सामन्याला जा.

हिवाळ्यात विदर्भाचे घरचे सामने नागपुरातच होतात, जामठ्याला किंवा सिव्हिल लाइन्सला. सहसा तिकीट नसतं. सकाळी साडेनऊला खेळ सुरू होतो, संध्याकाळी संपतो, रात्री आपण घरी. गर्दी नसल्यामुळं हवी ती जागा मिळते. सकाळी साइटस्क्रीनच्या अंगाला, दुपारी बाजूला, असं जागा बदलत मैदान सगळीकडून पाहता येतं. खेळाडूंचं एकमेकांशी बोलणं ऐकू येतं.

आणि विदर्भाचा संघ आता कुणी दुबळा म्हणावा असा राहिलेला नाही. एके काळी आपल्याला पहिल्या फेरीतच बाहेर पडायची सवय होती. उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, तोवर विदर्भाचा एकही खेळाडू तिथवर पोचला नव्हता. मग २०१७-१८ च्या मोसमात इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिला रणजी करंडक आणला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दुसरा, आणि तो इथंच जामठ्याला. सौराष्ट्राविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातली आघाडी होती फक्त पाच धावांची. आदित्य सरवटेनं सामन्यात अकरा बळी घेतले, चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. मार्च २०२५ मध्ये तिसरा करंडक, पुन्हा जामठ्यालाच. दानिश मालेवारच्या १५३ धावा, हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी, हा रणजीतला विक्रम. आणि समोर केरळच्या संघात कोण? तोच आदित्य सरवटे. सदतीस धावांच्या आघाडीवर विदर्भ जिंकला.

असे सामने आपल्या मातीवर, आपल्या मुलांनी खेळलेले, बिनतिकिटाचे, आणि खुर्च्या बहुतेक मोकळ्या. अमेरिकेतला बाप मुलाला घेऊन हजार मैल जातो ते नुसता खेळ दाखवायला नाही. आपलं मैदान आपणच भरायचं असतं, ही सवय तो पुढं देत असतो. येत्या हिवाळ्यात रणजीचं वेळापत्रक जाहीर झालं की नागपूरच्या सामन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरातलं एखादं पोर बरोबर घ्या, भाकरी बांधून घ्या, आणि सकाळी लवकर निघा. पहिला चेंडू पडायच्या आधी पोचलेलं चांगलं.